किती पाती पुरतात?

पुण्याला गेलो की बुधवार नाहीतर रविवार बघून जुन्या बाजारात चक्कर मारायची, ही माझी खोड. गोणपाटावर मांडलेले चाकू, विळे, अडकित्ते बघितले की हात शिवशिवतो. वर्षाला दोन-तीन तरी घरी येतात. माळ्यावर आता एकवीस पाती झालीत. कारभारीण म्हणते, "मला एक विळी पुरते. तुम्हाला कशाला एवढी?"

म्हटलं, केळकरांनी नाही का जमवलं? शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या संग्रहालयात नुसते अडकित्तेच किती तऱ्हेचे! दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला घेतल्या. पण मुलगा राजा गेला, तर त्याच्या नावानं त्यांनी सारं लोकांसाठी मांडलं आणि शेवटी सरकारच्या हवाली केलं. माझं कुणासाठी?

माळा उपसला. तळाशी वडलांचा विळा निघाला, गंजलेला. त्यांनी तो एकच वर्षानुवर्षं पाजवून वापरला. पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं. नवं आणायच्या नादात मी घरचंच गंजवलं.

हौस वाईट नाही. पण जे ना वापरायचं, ना कुणाला द्यायचं, ना नीट राखायचं, ते घेणं म्हणजे हावच. विळा घासून घेतलाय. बाकीची पाती ज्याला लागतील त्याला देईन. तोवर जुना बाजार बंद.