दोराखालच्या चिंध्या

शास्त्रपाठ : यिर्मया 38:1-13, 39:15-18

यरुशलेमेला वेढा पडला होता आणि नगरातील भाकर संपत आली होती. अशा वेळी सरदारांनी यिर्मया संदेष्ट्याला पहारेकऱ्यांच्या चौकातील विहिरीत सोडले. तिच्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. त्याच्यावर कोणाला शस्त्र उचलावे लागणार नव्हते. भूक व चिखल आपले काम करणार होते. कोठडीतले मरण पुष्कळदा असेच येते, कोणी पाहत नसताना.

त्याच्यासाठी धावला तो एबद-मलेख, राजवाड्यातील एक परदेशी सेवक. त्याच्या तीन गोष्टी आपण ध्यानात घेऊ या.

पहिली, तो स्वतः गेला. राजा बन्यामिनाच्या वेशीत बसला असता त्याने उघडपणे सांगितले, की हा मनुष्य तेथे उपाशी मरेल.

दुसरी, त्याने चिंध्या नेल्या. सुटकेच्या दोराने यिर्मयाच्या काखा कापू नयेत एवढा बारीक विचार त्याने केला. दया अशीच बारकाईने पाहते. जेवण मिळाले का? औषध आहे का? अंगावर पांघरूण आहे का?

तिसरी, यिर्मया त्या दिवशी मोकळा झाला नाही. तो चौकातच अटकेत राहिला. एबद-मलेख न्यायाधीश नव्हता. त्याने कैद्याला मरणाच्या खाचेतून वर काढले.

हेच काम आज इंग्लंडात सामान्य नागरिक करतात. 1981 मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली. लॉर्ड स्कारमन यांनी चौकशी करून त्याच वर्षी जो अहवाल दिला, त्यात नागरिकांनी पोलीस ठाण्यांना अचानक भेटी द्याव्यात असे सुचवले. 2002 च्या कायद्याने ही व्यवस्था बंधनकारक झाली. दोघेजण न कळवता ठाण्यात जातात, कोठडी पाहतात, अटकेतील माणसाची विचारपूस करतात आणि अहवाल लिहितात. गुन्ह्याविषयी ते बोलत नाहीत.

आपल्या देशात अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. पण दार बंदही नाही. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, नातलगाला वा मित्राला कळवावे आणि दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. त्याच खटल्यात 2015 साली न्यायालयाने राज्यांना पोलीस ठाण्यांसाठी अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करण्यास सांगितले.

परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती! आपल्या मंडळीतील वडील, शिक्षक, निवृत्त परिचारिका ह्या कोण आहेत? शिवाय बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांना दोन-दोन भाषा येतात. कामासाठी आलेल्या मजुराला ठाण्यातील भाषा समजत नसेल, तर त्याच्या बाजूला बसून अर्थ सांगणे ही मोठी सेवा आहे. कोठडीतील माणसाला, त्याची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज लिहून द्यायला कोणीतरी हवे.

कोणी म्हणेल, "पण तो खरोखर चोर असला तर?" मत्तयाच्या 25 व्या अध्यायात प्रभू बंदिवासातील माणसाशी स्वतःला एक करतो, तो निर्दोष होता की नाही हे तेथे सांगितलेले नाही. न्याय न्यायालय करील. भाकर, औषध आणि भेट ह्यांसाठी निकालाची वाट पाहू नये. आणि जो शिपाई नियमाने वागतो त्यालाही आपल्या येण्याने साक्षीदारच मिळतो. म्हणून आपण भांडायला जाऊ नये, नम्रपणे व कायदा वाचून जावे, पण जावे.

मुलाला पोलिसांनी नेले की आपल्या गल्लीत त्याच्या आईकडे जाणे-येणे थांबते. तिची पहिली रात्र फार लांब असते. मंडळीचे काम तेथूनच सुरू होते.

नगर पडले तेव्हा देवाने एबद-मलेखाची आठवण ठेवली. त्याने परमेश्वरावर भाव ठेवला म्हणून त्याचा जीव वाचेल, असे वचन त्याला मिळाले. तो भाव दोर आणि चिंध्या घेऊन विहिरीपर्यंत चालत गेला होता.

हे प्रभू, जे आज रात्री कोठडीत आहेत त्यांच्याकडे आम्हांला पाठीव. आमेन.