सोलापूरचा अभिमान, पुण्यात बसून

पुण्यात नोकरी करणारा सोलापूरकर गावाबद्दल जितकं भरभरून बोलतो, तितकं सोलापुरात राहणारा बोलत नाही. मी पहिल्या जमातीतला. कडक भाकरी, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा, 'काय बे' म्हणायची पद्धत, सगळ्याचा मला अभिमान आहे. पण जे मी केलं नाही आणि जिथे मी राहतही नाही, त्याचा अभिमान बाळगायचा मला काय अधिकार?

त्या अभिमानात मोठा वाटा गिरण्यांचा. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच भोंग्यावर उठायची. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर हेच कामगार रस्त्यावर आले. काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही, मग मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव त्यांच्यावरूनच. गाव सोडायला आम्ही तीच गाडी पकडतो.

न केलेल्या गोष्टीचा अभिमान खोटाच असतो असं मला वाटत नाही. आजोबांच्या चांगुलपणाने ऊर भरून येतो तेव्हा आपण श्रेय मागत नसतो, नातं सांगत असतो. पण नातं सांगितलं की आजोबांची उधारीही आलीच. हुतात्मे आमचे आणि वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येणारं पाणी मात्र महापालिकेचं, अशी वाटणी नाही करता येत. (2016 च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आमचं नाव होतं, बरं का!)

आता शहर पुन्हा उभं राहतंय म्हणतात आणि पुरावा म्हणून विमान दाखवतात. त्याच्या वाटेत येते म्हणून जून 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. 2025 मध्ये गोव्याचं विमान उडालं. तिथल्या सेल्फींपेक्षा त्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विमान नको असं नाही, मीही बसेन. पण ती येण्या-जाण्याची सोय झाली. राहण्याची नाही.

राहण्याची सोय झाली ती कुंभारीच्या रे नगरात. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणारे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्यासोबत ही माणसं वर्षानुवर्षं भांडली आणि जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरं त्यांच्या हाती आली. त्यात माझा काडीचाही हात नाही. तरी ऑफिसात सांगताना तोंडातून 'आमच्या सोलापूरच्या बायकांनी' असंच निघतं. मग कुणीतरी विचारतं, हजार विड्यांना मजुरी किती मिळते? तो आकडा सांगताना माझा आवाज खाली येतो.