शब्दाला मुदत असते का?

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पुस्तकातून एक नोट गळून पडली. दक्षिण कोरियाची, पाचशे वॉनची; १९७३ साली निघालेली. तीवर सेनापती यी सुन-शिन आणि त्याची कासवाच्या आकाराची युद्धनौका. चलनातून ती केव्हाच गेली. तरी तिथली मध्यवर्ती बँक आजही तिचे पुरते पाचशे वॉन देते!

पण मला आठवली ती तिची थोरली बहीण. १६ मे १९६२ रोजी निघालेल्या शंभर ह्वानच्या त्या नोटेवर राजा नव्हता, सेनापती नव्हता. बचतीचे पासबुक पाहणारी मायलेकरे होती. १० जूनला ह्वान जाऊन वॉन आला, आणि महिन्याच्या आतच नोट बाद झाली. आज तिचे काहीच मिळत नाही.

दडवलेला पैसा बाहेर काढावा, हा त्या बदलाचा एक हेतू. तो गैर कसा म्हणावा? पण नोट म्हणजे अखेर सरकारने दिलेला शब्द. त्याला मुदत घातली की धूर्त माणूस वाट काढतो; अडकते ती डब्याच्या तळाशी पैसा जपणारी आई. आणि त्या नोटेवर चित्र होते ते तिचेच!