शिवेवरचा भार

परवा नातेपुत्याच्या आमच्या मळ्यात पाणी पाहायला एक तरुण भूगर्भतज्ज्ञ आला होता. पूर्वी या कामाला तळहातावर नारळ घेतलेला पाणाड्या यायचा. हा आला तो बॅटरी, तारांची रिळे आणि चार सळ्या घेऊन. सळ्या एका रेषेत ठोकल्या, बाहेरच्या दोहोंतून जमिनीत वीज सोडली आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजला. बाहेरच्या सळ्या जसजशा दूर न्याव्यात, तसतशी वीज अधिक खोल उतरते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे याने १९१२च्या सुमारास विजेने जमीन अशी चाचपायला सुरुवात केली. ओला मुरूम वीज सहज वाहू देतो, त्याखालचा अखंड काळा पाषाण मोठ्या नाखुशीने.

"मग वीज सरळ खाली जाते का हो?" मी विचारले. मी विज्ञानाचा माणूस नव्हे; उभा जन्म मराठीचे व्याकरण शिकवण्यात गेला.

"नाही काका, थरांच्या शिवेवर ती वळते." त्याने काडीने मातीत आकृती काढली. मुरुमाची वाहकता खडकाच्या दहापट धरली, तर शिवेवरच्या लंबाशी ४५ अंशांचा कोन करून आलेली रेषा खडकात जेमतेम ६ अंशांवर शिरते, म्हणजे जवळजवळ उभीच. मात्र वळतानाही दोन गोष्टी ती सोडीत नाही. शिवेच्या एका अंगाने जेवढी वीज येते, तेवढीच दुसऱ्या अंगाने निघते. आणि विद्युतक्षेत्राचा शिवेला समांतर असलेला अंश दोन्हीकडे सारखाच राहतो. बाकीचे बदलते.

मला आमच्या आबांची आठवण झाली. 'मोडेन पण वाकणार नाही' हे त्यांचे ब्रीद. विहिरीच्या वाटणीवरून चुलत्यांशी बिनसले आणि अकरा वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते. त्या ब्रीदाचा मलाही अभिमान होता. वर्गात मी ते ठसक्यात सांगत असे. आता वाटले, विजेने आबांना चांगले उत्तर दिले. दोन निष्ठा सांभाळाव्यात आणि खुशाल वाकावे! मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पण त्या मुलाचे बोलणे संपले नव्हते. "रेषा आपणहून वळत नाही, काका. वीज सोडल्याच्या पहिल्या क्षणी शिवेपाशी जेवढी येते तेवढी पुढे जात नाही. उरलेला विद्युतभार शिवेवरच साठतो आणि तोच रेषांना वळवतो. वीज वाहत असेपर्यंत तो तिथून हलत नाही."

अकरा वर्षे आमच्या घरात शिवेवर कोण होते, हे मला कुणी सांगायला नको होते. चुलतीकडची पुरणपोळी मागच्या दाराने येई, ती आईच्या पदराखालून. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी आली, की वारकऱ्यांच्या भाकरीचे निमित्त करून दोघी जावा एका चुलीपाशी बसत. आबांचे कडू शब्द ती तिकडे जाऊ देत नसे आणि तिकडचे इकडे येऊ देत नसे. ते जात कुठे? अखेर आबांनी निम्मी विहीर दिली, तेव्हा गाव म्हणाले, आबा मोठ्या मनाचे. मीही तेच म्हणालो. वाकणाऱ्याची थोरवी आपण गातो, न वाकणाऱ्याची तर त्याहून अधिक; पण ज्याच्या जिवावर हे वळण घडते, त्याला विचारून का कुणी वळते? विजेचा दाखला मात्र इथे पुरा पडत नाही. शिवेवरचा भार थकत नाही. आई थकली होती.

यंत्राने एका जागी कमी रोध दाखवला. "पाणी असेल किंवा नुसती चिकणमाती असेल," तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "दोन्ही वीज सारखीच वाहू देतात. खोदल्याशिवाय कळायचे नाही."

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. मळा विकण्याच्या गोष्टीवरून वर्षभर आम्ही दोघे एकमेकांशी धड बोललेलो नाही. नेहमीप्रमाणे हिनेच फोन घेतला. "हो, बरे आहेत... नाही रे, रागावलेले नाहीत..." असे चालले होते.

"फोन इकडे दे," मी म्हणालो.

तिने फोनवर हात ठेवला. "काय बोलणार आहात, ते आधी मला सांगा."