ठोका आणि काळ

जळगावात घरी बसून मी एका जुन्या बोर्डाचा टायमर ड्रायव्हर नव्या रचनेत आणते आहे. लिनक्स कर्नलमध्ये २०१५ पर्यंत अशा ड्रायव्हरला अवस्था बदलायला ‘सेट मोड’ हे एकच फंक्शन असे. ठरावीक अंतराने ठोके द्यायचे, एकदाच उठवायचं की बंद राहायचं, हे तिथेच ठरे. आता प्रत्येक अवस्थेला वेगळं फंक्शन आहे आणि अवस्थेची नोंद कर्नलचा गाभा ठेवतो. काम छोटंच, पण ते करताना मनात येतं: ठोका म्हणजेच काळ का?

जुन्या कर्नलचा कारभार जवळपास तसाच होता. ठोके मोजून वेळ पुढे जाई. ठोका हुकला की घड्याळ मागे पडे. पुढे दोन कामं वेगळी झाली. एक गणक नुसता चालत राहतो, वेळ त्याला विचारायची. दुसरं यंत्र सांगितल्या क्षणी उठवतं. माझा ड्रायव्हर या दुसऱ्याचा. प्रोसेसर रिकामा असेल तर ठोके थांबवतात, तरी वेळ चुकत नाही.

धुळ्यात आग्रा रोडवर मामांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मंग टाइम कोन मोजस?”

“गणक, मामा.”

“तो बी मशीनच शे ना!”

खरं आहे. मग यंत्रापलीकडे काळ आहे का? वैशेषिक दर्शनाच्या मते काळ हे एकच, नित्य द्रव्य. क्षण-मुहूर्त हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य म्हणतं, क्षण खरा, पण दोन क्षण एकत्र नांदत नाहीत, म्हणून त्यांचा क्रम बुद्धीनेच रचलेला. माझा कल वैशेषिकांकडे आहे, आणि त्याचं कारण चाळीसगावजवळच्या पाटणचं. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायच्या मठाला दिलेलं दान कोरलं आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रं वर्णिली, त्यांत घटीयंत्रही आहे: भोकाचं तांब्याचं पात्र, अहोरात्रात ते जितक्यांदा बुडेल त्यावरून त्याचं माप काढायचं. मात्र सगळ्यांत वरचढ ठरवलं धीयंत्र, म्हणजे बुद्धीचं यंत्र. पुढे ११८३ ची गणना धरून त्यांनी ‘करणकुतूहल’ रचलं, म्हणजे पंचांगकर्त्याला कल्पाच्या आरंभापासून मोजायला नको. १५२० ची गणना धरून गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ केलं. आरंभ बदलला, रीत बदलली, आणि ग्रह दिसतात तिथे गणित येतं का, हे प्रत्येक पिढीला पुन्हा पाहावं लागलं.

गणकही भरकटतो, त्याला दुसऱ्या घड्याळाशी जुळवावं लागतं. काळ नुसता बुद्धीचा खेळ असता तर चूक कशाशी ताडून ठरवली असती? मामा घड्याळं आकाशवाणीच्या वेळेवर लावत. ती वेळही यंत्राचीच, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी पाच मिनिटं मागे पडलेलं घड्याळ त्यांनी गिऱ्हाइकाला ‘बरोबर आहे’ म्हणून कधी दिलं नाही.