दोरी, स्फटिक आणि दोन रेषा

अंधारात दोरीच्या ठिकाणी सर्प भासतो आणि दिवा आणताच तो नाहीसा होतो, हा वेदान्तातील दृष्टान्त आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यावरून सत्य कळले की भ्रम मावळतो, अशी आपली समजूत होते. परंतु सर्वच भ्रम इतक्या सहजी हटत नाहीत.

इ. स. १८८९ मध्ये फ्रान्झ म्यूलर-लायर या जर्मन पंडिताने समान लांबीच्या दोन रेषांची एक आकृती प्रसिद्ध केली. एका रेषेच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. ही दुसरी रेषा अधिक लांब दिसते. पट्टीने मोजून दोन्ही सारख्या असल्याची खात्री करून घेतली, तरीही ती लांबच दिसते!

इटलीतील मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझ्सा यांनी १९५५ मध्ये याहून नवल दाखविले. खाचा पाडलेली तीन काळी वर्तुळे योग्य रीतीने मांडली असता मध्ये एक शुभ्र त्रिकोण उठून दिसतो. वास्तविक त्याच्या बाजू सलग अशा कोणी काढलेल्याच नसतात. डोळ्यांकडून येणारी माहिती नेहमीच अपुरी असते. उरलेली जागा मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे भरून काढतो. हे कार्य इतक्या नकळत घडते की, आपण तर्क केला असे न वाटता आपण पाहिले असेच वाटते.

आपल्या शास्त्रकारांनीही भ्रमाचे दोन प्रकार मानले आहेत. दोरीवरचा सर्प हा निरुपाधिक भ्रम. तो ज्ञानाने जातो. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, तो सोपाधिक भ्रम. स्फटिक शुभ्र आहे हे ठाऊक असूनही फूल जवळ असेतोवर तो तांबडाच दिसत राहतो.

माणसांविषयीच्या आपल्या ग्रहांचे असेच नाही काय? एखाद्या गृहस्थाबद्दल काही वावगे कानी येते. पुढे ते खोटे ठरते, आपल्याला ते पटतेही. तरी त्याच्या मौनात आपल्याला कपट दिसते आणि त्याच्या दानात हेतू दिसतो. ऐकीव शब्दाचे फूल स्फटिकाजवळून हललेलेच नसते.

मग करावे काय? मनात उमटणारा भास आपल्या स्वाधीन नाही. निर्णय मात्र स्वाधीन आहे. सुतार लाकूड कापताना नजरेवर विसंबत नाही, पट्टी लावतो. तद्वत् कोणाला पंक्तीत बसवावे, कोणावर जबाबदारी सोपवावी, हे ठरविताना त्याच्या प्रत्यक्ष कृतीचे माप घ्यावे. भास झाला म्हणून कोणी दोषी ठरत नाही; परंतु पट्टी हाती असता भासाप्रमाणे न्याय देणे, हा दोष सर्वस्वी आपलाच होय.