पटावरचं कपट

मे 2020 मध्ये फॉर्म्युला ई या मोटार शर्यतीचा चालक डॅनिएल आब्ट एका ऑनलाइन शर्यतीत तिसरा आला, पण त्याच्या नावानं गाडी भलताच कुणी हाकत होता. दहा हजार युरो दंड झाला, त्याच्या ऑडी संघानं निलंबित केलं. गमतीचा भाग होता, असं त्याचं म्हणणं. ना कुणी जखमी, ना गाडी मोडली. मग पाप कसलं? बुलढाण्यासकट विदर्भाला ओळखीच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, हा प्रश्न सोपा असतो. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींना सशर्त परवानगी दिली. चाबूक, विजेचा झटका यांना मनाई, कारण वेदना बैलाची. पडद्यावर बैल नाही, म्हणून नियम हवेतला वाटतो.

माझ्या मते तिथं नियमच सगळं काही आहे. रस्ता खोटा, वेग खोटा. खरी फक्त खेळणाऱ्यांची मेहनत आणि ‘स्वतःच चालवायचं, वळण कापायचं नाही’ हा करार. तो मोडणारा शर्यत जिंकत नाही, तो शर्यतीतच नसतो. सॉफ्टवेअरनं अडवलं नाही, हा बचाव लंगडा आहे: पंचाची नजर चुकली म्हणून फाऊल कायदेशीर ठरत नाही. सगळ्यांनी आधीच ठरवून आडवाट धरली, तर मात्र तो वेगळा आणि स्वच्छ खेळ. कपट लपवण्यात आहे. कुणी म्हणेल, भीमानं नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली ती कृष्णाच्याच सांगण्यावरून अर्जुनानं केलेल्या इशाऱ्यावर. खरं, पण बलराम तिथंच संतापून उठला होता, आणि महाभारतानं तो संताप झाकलेला नाही. शिवाय ते युद्ध होतं. पांडवांना ते टाळता आलं नाही. ऑनलाइन शर्यतीत उतरायची सक्ती कुणावरच नसते.